बेताच्या खर्चात घरचा कॉम्प्युटर आणि दोन मॉनिटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी वापरायला फार महाग नसलेला कॉम्प्युटर घ्यायचा आहे आणि त्याला दोन मॉनिटर जोडायचे आहेत, असं ठरवलेली माणसं जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मी भाषांतराचं काम घरून करते. डावीकडच्या मॉनिटरवर मूळ मजकूर, समोरच्यावर माझा. नातलगांना आणि मैत्रिणींना कॉम्प्युटर निवडायला मदत करताना एक गोष्ट सतत दिसत आली आहे. प्रोसेसरच्या नावावर आठवडाभर खल होतो, आणि कॅबिनेटच्या मागे कुठले पोर्ट (केबल जोडायच्या जागा) आहेत हे मात्र वस्तू घरी आल्यावर बघितलं जातं. दोन मॉनिटर लावायचे असतील तर हा क्रम उलटा करा.

मला दुसऱ्या मॉनिटरची खरोखर गरज आहे का?

एकीकडे बघायचं आणि दुसरीकडे लिहायचं, असं तुमचं काम असेल तर आहे. हिशेब, भाषांतर, कोड लिहिणं, ऑनलाइन शिकवणं, एका तक्त्यातली माहिती दुसऱ्यात भरणं, ही सगळी त्याच जातीची कामं. दर मिनिटाला विंडो बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी नजर पुन्हा ओळ शोधत बसते. तो शोध दुसऱ्या मॉनिटरमुळे थांबतो.

मेल, बातम्या, सिनेमे आणि अधूनमधून एखादं पत्र एवढंच काम असेल तर दोन साध्या मॉनिटरपेक्षा एक चांगला मोठा मॉनिटर घ्या. मन ठरत नसेल तर सध्या एकच घ्या, पण कॉम्प्युटर असा निवडा की दुसरा नंतर जोडता येईल. मॉनिटर कधीही वाढवता येतो, पोर्ट वाढवणं तितकं सोपं नसतं.

दोन मॉनिटर चालवायला कॉम्प्युटर जास्त ताकदीचा लागतो का?

नाही. या गैरसमजापायी लोकांचा सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

फुल एचडी मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे सुमारे २१ लाख. प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवायला ४ बाइट धरले तर एक पूर्ण चित्र साधारण ८ एमबीचं होतं. दोन मॉनिटरची दोन चित्रं झाली १६ एमबी. आजच्या साध्यातल्या साध्या कॉम्प्युटरलाही हे ओझं जाणवत नाही. एका ४के मॉनिटरवर फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात, तरीही कागदपत्रं आणि ब्राउझर दाखवण्यापुरतं ते जड नाही.

ताकद लागते ती त्या पडद्यांवर काय चालतं यासाठी. एका मॉनिटरवर गेम आणि दुसऱ्यावर व्हिडिओ, किंवा ४के व्हिडिओचं एडिटिंग, असं असेल तर गोष्ट वेगळी. पण तो खर्च गेमचा किंवा एडिटिंगचा असतो, दुसऱ्या मॉनिटरचा नव्हे. दुसरा मॉनिटर आल्यावर माणूस एकाच वेळी जास्त गोष्टी उघड्या ठेवतो, एवढं खरं. त्यासाठी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, लागते, त्याबद्दल पुढे सांगते.

मग वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का?

घरच्या आणि ऑफिसच्या साध्या कामासाठी नको. प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स, म्हणजे चित्र तयार करणारा भाग, पुरतो. इंटेलच्या २०१२ सालच्या तिसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून या अंगभूत ग्राफिक्सला तीन स्क्रीन सांभाळता येतात.

मात्र प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला जातो आणि मग कार्ड घ्यावंच लागतं. एएमडी रायझनच्या ५००० मालिकेत डेस्कटॉपसाठी ‘जी’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतं, इतरांत नसतं. ७००० मालिकेपासून बहुतेकांमध्ये लहानसं ग्राफिक्स दिलेलं असतं, पण ‘एफ’ असेल तर तिथेही नाही.

एक फसगत इथेच होते. मदरबोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तो पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं चित्र बाहेर आणण्यासाठी असतो. ग्राफिक्सच नसेल तर पोर्ट असूनही पडदा काळाच राहतो.

कॉम्प्युटरच्या मागे नेमकं काय बघायचं?

चित्र बाहेर देणारे दोन पोर्ट, शक्यतो दोन्ही डिजिटल. इतकं असलं की पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. पोर्ट चार-पाच प्रकारचे असतात.

व्हीजीए हा निळा, पंधरा पिनांचा, बाजूला दोन स्क्रू असलेला. तो १९८७ सालचा आहे. चित्र ॲनालॉग पद्धतीने नेतो, त्यामुळे फुल एचडीवर अक्षरांच्या कडा किंचित पसरट दिसतात. अडीअडचणीला चालतो, पण दिवसभर वाचायच्या मॉनिटरला तो लावू नये. मराठी मजकुरात तर अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांचे बारीक भाग आधी मिसळतात.

डीव्हीआय पांढरट, रुंद आणि जुना, पण त्याचा डिजिटल प्रकार फुल एचडीला अगदी स्वच्छ चित्र देतो. साध्या केबलने त्यातून एचडीएमआय मॉनिटर चालतो.

एचडीएमआय सगळ्यांच्या ओळखीचा. यात आवृत्तीचा मुद्दा आहे. १.४ आवृत्ती ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच दाखवू शकते, तेव्हा माउसचा बाणही अडखळत चालल्यासारखा वाटतो. २०१३ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून ४के सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्‌झला मिळतं. फुल एचडी मॉनिटर घेणार असाल तर हा फरक विसरून जा, १.४ पुरेशी आहे.

डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयसारखाच दिसतो, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. मला हाच जास्त आवडतो. १.२ आवृत्तीपासूनच यातून ४के ६० हर्ट्‌झला जातं. शिवाय कॉम्प्युटरपासून पहिल्या मॉनिटरला आणि त्या मॉनिटरमधून दुसऱ्याला अशी साखळीही जोडता येते. त्यासाठी पहिल्या मॉनिटरला बाहेर जाणारा डिस्प्लेपोर्ट हवा, आणि तो स्वस्त मॉनिटरना बहुधा नसतो.

टाइप-सी हा पोर्ट सगळ्यात जास्त फसवतो. बाहेरून सारखा दिसला तरी काही टाइप-सी पोर्ट फक्त फाइली आणि वीज नेतात, चित्र नेत नाहीत. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ असे शब्द शोधा. विक्रेत्याच्या ‘चालेल हो’वर विसंबू नका.

माझ्या मॉनिटरचा पोर्ट आणि कॉम्प्युटरचा पोर्ट वेगळा आहे. कन्व्हर्टर चालेल ना?

चालेल, पण दिशा बघा. बहुतेक कन्व्हर्टर एकाच दिशेने काम करतात. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी, स्वस्त केबल पुरते. उलट असेल, म्हणजे कॉम्प्युटरमधून एचडीएमआय निघतं आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट हवा, तर सिग्नलचं रूपांतर करणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. त्याला बहुधा यूएसबीतून वेगळी वीज द्यावी लागते.

मी स्वतः एकदा उलट्या दिशेची केबल घेतली होती. दोन्ही टोकं छान बसली, पडदा मात्र काळा. मॉनिटर बिघडला असं समजून दोन दिवस गेले. तेव्हापासून केबल घेताना ‘कुठून’ आणि ‘कुठे’ हे दोन शब्द कागदावर लिहून नेते.

एकच एचडीएमआय पोर्ट आहे. स्प्लिटर लावला तर?

दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसेल. स्प्लिटर तेवढंच करतो. दोन वेगळी चित्रं हवी असतील तर दोन वेगळे पोर्ट हवेत, किंवा पुढे लॅपटॉपच्या उत्तरात सांगितलेला यूएसबीचा मार्ग.

डेस्कटॉप, मिनी पीसी की लॅपटॉप?

कॉम्प्युटर एका जागी राहणार असेल आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर माझं मत मिनी पीसी किंवा साध्या डेस्कटॉपच्या बाजूने आहे. लॅपटॉपच्या किमतीत स्क्रीन, बॅटरी आणि कीबोर्ड येतात. दोन मॉनिटर लावून टेबलावरच काम करायचं असेल तर त्यांचा फारसा उपयोग नाही.

मिनी पीसी हातात मावतो, आवाज जवळजवळ करत नाही आणि मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसवता येतो. इंटेलचा २०२३ सालचा एन१०० हा चार कोअरचा लहान प्रोसेसर अशा अनेक स्वस्त मिनी पीसीत असतो आणि तो तीन स्क्रीन चालवू शकतो. लिहिणं, ब्राउझर, व्हिडिओ कॉल, हिशेब यांना तो पुरतो. एकाच वेळी पन्नास टॅब, मोठे तक्ते आणि त्यात कॉलही असं असेल तर कोअर आय३, आय५ किंवा रायझन ५ या दर्जाचा घ्या. आणि हो, प्रोसेसर तीन स्क्रीन चालवतो म्हणजे त्या डब्याला तीन पोर्ट दिलेत असं नव्हे. मोजून बघा.

मोठ्या कॅबिनेटचा फायदा म्हणजे दुरुस्ती आणि वाढ सोपी. पाच वर्षांनी रॅम, डिस्क, पॉवर सप्लाय, काहीही एकेक बदलता येतं. गेम खेळायची थोडीही शक्यता असेल तर मिनी पीसी घेऊ नका, त्यात कार्ड बसत नाही.

अगदीच कमी खर्चात शिकणाऱ्या मुलांसाठी काही हवं असेल तर रास्पबेरी पाय हा पर्यायही आहे. २०१९ साली आलेल्या पाय ४ पासून त्याला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट असतात. पण त्यावर विंडोज गृहीत धरू नका, लिनक्स वापरायची तयारी हवी.

आधीच लॅपटॉप आहे. त्याला दोन मॉनिटर जोडता येतील का?

लॅपटॉपला एचडीएमआय आणि चित्र नेणारा टाइप-सी असे दोन्ही असतील तर सरळ जोडा. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन धरून तीन पडदे होतात. खरं तर अनेकांना एकच बाहेरचा मॉनिटर पुरतो, दुसरा पडदा म्हणजे लॅपटॉपच. लॅपटॉप स्टँडवर उचलून मॉनिटरच्या उंचीला आणा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. सगळ्यात कमी खर्चाचं ‘ड्युअल मॉनिटर’ हेच.

टाइप-सी हब घेताना काळजी घ्या. दोन एचडीएमआय असलेला हब विंडोजवर दोन वेगळी चित्रं देण्यासाठी ‘एमएसटी’ हे तंत्र वापरतो. मॅकवर हे तंत्र दोन वेगळे पडदे देत नाही, दोन्हींवर एकच चित्र येतं. मॅकबुकचं आणखी एक. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. एम३ च्या एअरला दोन चालतात, पण झाकण बंद ठेवून. एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. वापरलेला मॅकबुक घेताना हे माहीत नसेल तर फार चुटपुट लागते. एम१ चा मॅक मिनी मात्र दोन मॉनिटर चालवतो, एक एचडीएमआयवर आणि एक टाइप-सीवर.

चित्र देणारा पोर्टच नसेल तर डिस्प्लेलिंक हे तंत्र आहे. त्यात चित्र साध्या यूएसबीतून जातं. ड्रायव्हर टाकावा लागतो आणि प्रोसेसरवर थोडा भार पडतो. स्थिर मजकुराला उत्तम, वेगवान गेमला नाही.

ऑफिसातून निघालेला जुना, रिफर्बिश्ड कॉम्प्युटर घ्यावा का?

घ्यावा, आणि मी तर आधी तिथेच बघायला सांगते. कंपन्या ठरावीक वर्षांनी कॉम्प्युटर बदलतात. ती यंत्रं मजबूत बांधणीची असतात आणि त्यांना बऱ्याचदा दोन डिस्प्लेपोर्ट असतात, कारण ऑफिसातही दोन मॉनिटर लावले जात होते.

पण एक सीमारेषा पाळा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासूनचा, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. सातव्या पिढीचं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी विंडोज वापरणाऱ्याने त्यापासून दूर राहावं. लिनक्स वापरणार असाल तर मात्र तेच यंत्र अजून काही वर्षं छान चालेल.

इंटेलचा कोअर आय५ ८५०० असेल तर पिढी आठवी, १०५०० असेल तर दहावी. आकड्याची सुरुवात पिढी सांगते. ‘आय७ आहे’ असं म्हणून कुणी चौथ्या पिढीचं यंत्र पुढे करत असेल तर त्या ‘आय७’ला भुलू नका.

बारीक कॅबिनेटच्या यंत्रात पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड त्याच कंपनीच्या खास मापाचे असतात. बिघडले तर बाजारातला कुठलाही भाग बसत नाही. त्यात कार्ड टाकायचं झालं तर अर्ध्या उंचीचं आणि वेगळ्या वीजजोडणीशिवाय चालणारं हवं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, तेवढ्यात भागलं पाहिजे.

रॅम आणि डिस्क किती?

रॅम १६ जीबी. ८ जीबीवर काम होतं, पण अंगभूत ग्राफिक्स आपला वाटा याच रॅममधून घेतं आणि दोन मॉनिटरवर सगळं उघडं ठेवायची सवय लागते, त्यामुळे ८ लवकर अपुरी पडते. १६ घेताना शक्य असेल तिथे ८ च्या दोन पट्ट्या घ्या. दोन पट्ट्यांत रॅमचा वेग दुहेरी मार्गाने मिळतो आणि अंगभूत ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा होतो. एन१०० सारख्या प्रोसेसरला रॅमचा एकच मार्ग असतो, तिथे हा मुद्दा लागू नाही.

डिस्क एसएसडीच हवी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. २५६ जीबी किमान, ५१२ असली तर निश्चिंत. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर प्रोसेसर बदलायचा विचार सोडा आणि आधी ती बदला. दुसऱ्या कुठल्याही खर्चाने इतका फरक पडत नाही.

मॉनिटर कोणते घ्यावेत?

२४ इंची फुल एचडी, आयपीएस पॅनलचे दोन. विचारणाऱ्या दहातल्या आठ जणांना मी हेच सांगते.

आयपीएस का, तर दोन मॉनिटर असले की त्यातला एक तरी तुम्ही तिरक्या कोनातून बघता. टीएन पॅनलवर कोन बदलला की रंग आणि उजेड बदलतात. समोर बसून दुकानात बघितलेला मॉनिटर घरी बाजूला ठेवला की फिका वाटतो, तो यामुळे. व्हीए पॅनलचा काळा रंग जास्त गडद असतो, सिनेमाला छान, पण काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर वरखाली सरकवताना मागे छाया ओढल्यासारखी दिसू शकते.

आकाराचा हिशेब असा. २४ इंची फुल एचडीवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात. तेच फुल एचडी २७ इंचांवर पसरलं की सुमारे ८२ उरतात आणि अक्षरांचे दाते दिसू लागतात. २७ इंच हवा असेल तर २,५६० × १,४४० चा घ्या, तिथे सुमारे १०९ ठिपके मिळतात. मोठा म्हणजे चांगला असं समजून घेतलेले २७ इंची फुल एचडी मॉनिटर नंतर बदलणारी बरीच माणसं मी पाहिली आहेत. वाचनाचं काम असणाऱ्याने हा मोह टाळावा.

स्टँडची उंची बदलते का आणि पाठीला वेसाची चार भोकं आहेत का, हेही बघा. ही भोकं ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात असतात. ती असली तर पुढे कधीही आर्म बसवता येतो. काही स्वस्त मॉनिटरना ती नसतात.

दोन्ही मॉनिटर सारखेच हवेत का?

सारखे असले तर डोळ्याला आराम, पण सक्ती नाही. घरात जुना चालू मॉनिटर असेल तर तो दुसरा म्हणून वापरा आणि वाचलेले पैसे समोरच्या मुख्य मॉनिटरवर घाला. फक्त दोघांची उभ्या ठिपक्यांची संख्या जवळपास असू द्या. नाहीतर माउस एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेताना तो भलत्याच उंचीवर उगवतो किंवा कडेला अडतो. रंग पूर्ण जुळणार नाहीत, ते मान्य करा. उजेड मात्र सारखा करून घ्या, थकवा रंगापेक्षा उजेडाच्या फरकाने जास्त येतो.

दुसरा मॉनिटर उभा फिरवून ठेवायचा पर्यायही आहे. लांब दस्तऐवज आणि कोड वाचायला तो सुंदर. त्यासाठी फिरणारा स्टँड हवा.

घरचा टीव्ही दुसरा मॉनिटर म्हणून चालेल?

व्हिडिओ आणि सादरीकरणापुरता चालेल. बारीक मजकूर वाचायला नको. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात आणि रंगाची माहिती कमी करून दाखवतात, त्यामुळे अक्षरं पुसट होतात. टीव्हीच्या मेनूत ‘पीसी’ किंवा ‘गेम’ मोड असेल तर तो लावल्यावर बरंच सुधारतं.

६० हर्ट्‌झ पुरे की जास्त?

कामाला ६० पुरे. ७५ किंवा १०० त्याच किमतीत मिळाला तर घ्या, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

टेबलावर दोन मॉनिटर मावतील का, आणि मान दुखणार नाही ना?

२४ इंची मॉनिटर सुमारे ५४ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे दोन मिळून १०८. टेबल किमान १२० सेंटिमीटर लांब हवं. खोलीही मोजा, डोळ्यांपासून पडदा साधारण हातभर अंतरावर यायला हवा.

मान दुखते ती बहुतेक वेळा मांडणी चुकल्यामुळे. दोन्ही मॉनिटर सारखे ठेवून मधली फट नाकासमोर आणायची पद्धत दिसायला छान, पण ती दोन्हींकडे सारखा वेळ बघणाऱ्यांसाठीच बरी. एका मॉनिटरवर जास्त काम असेल तर तो थेट समोर आणि दुसरा शेजारी, आपल्याकडे थोडा वळवून ठेवा. मीही सुरुवातीला फट समोर ठेवली होती. महिनाभर मान एका बाजूला आखडायची. मॉनिटर सरकवले आणि त्रास गेला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर मॉनिटर आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते.

वीज किती जास्त जाते?

२४ इंची एलईडी मॉनिटर साधारण १५ ते २५ वॅट घेतो. २० वॅट धरून रोज आठ तास चालवला तर महिन्याला पाच युनिटच्या आत. कॅबिनेटमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड असणं याहून कितीतरी महागात जातं.

सगळं जोडलं, पण दुसरा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो. काय करू?

आधी मॉनिटरच्या बटनांनी इनपुट तपासा. केबल एचडीएमआयला आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर सिग्नल शोधतोय, हे फार वेळा निघतं. मग कीबोर्डवर विंडोजचं बटन आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ असेल तर दोन्हीकडे एकच चित्र येतं, ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ असेल तर दुसरा बंदच राहतो.

कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही केबल कार्डालाच लावल्या आहेत ना ते बघा. एक कार्डाला आणि एक मदरबोर्डाला लावली तर दुसरा मॉनिटर बहुधा चालत नाही, कारण कार्ड बसवलं की बऱ्याच मदरबोर्डवर अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद होतं. ते बायोसमधून, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून, पुन्हा सुरू करता येतं.

इतकं करूनही पडदा काळा असेल तर दोन्ही मॉनिटरच्या केबल आपसात बदला. काळेपणा केबलबरोबर गेला तर केबल खराब, त्याच मॉनिटरवर राहिला तर मॉनिटर, आणि त्याच पोर्टबरोबर गेला तर पोर्ट. दुरुस्तीला कुणाला बोलावण्याआधी ही अदलाबदल नक्की करा.

चित्र आलं, पण माउस उलट्या बाजूने जातो, अक्षरं लहानमोठी दिसतात.

डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसे ते ओढून ठेवा, उंचीसुद्धा जुळवा. अक्षरांचा आकार प्रत्येक मॉनिटरला वेगळा लावता येतो, तिथेच ‘स्केल’ आहे. विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर फेकायला विंडोजचं बटन, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण. हे एक समीकरण हातात बसलं की माउसने विंडो ओढत न्यावी लागत नाही.

पैसे कमी आहेत. कुठे वाचवू आणि कुठे नको?

प्रोसेसरवर वाचवा. नवीन पिढीच्या हट्टावर, ग्राफिक्स कार्डावर, चमकत्या दिव्यांच्या कॅबिनेटवर, महागड्या केबलींवर वाचवा. डिजिटल केबल चालली की चालली, सोनेरी टोकाने चित्र सुधारत नाही.

समोरच्या मॉनिटरवर, एसएसडीवर आणि खुर्चीवर वाचवू नका. मोठ्या कॅबिनेटचं यंत्र असेंबल करून घेत असाल तर पॉवर सप्लायवरही नको. तो स्वस्तातला निघाला आणि बिघडला तर सोबत मदरबोर्ड आणि डिस्कही खराब करू शकतो. हातात पैसे खरंच थोडे असतील तर एक चांगला मॉनिटर आणि दोन पोर्ट असलेलं यंत्र आज घ्या. दुसरा मॉनिटर चार महिन्यांनी आला तरी काही बिघडत नाही.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय तपासू?

परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन्ही मॉनिटर जोडाच. एकच मॉनिटर आत्ता घेतला असेल तर तोच एकामागून एक प्रत्येक पोर्टला लावून बघा, किंवा कुणाचा तरी दुसरा मॉनिटर तासाभरासाठी मागून आणा. पूर्ण पडद्यावर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे एकेक रंग लावा. पांढऱ्यावर काळा ठिपका किंवा काळ्यावर चमकणारा ठिपका दिसला तर फोटो काढून ठेवा. काळ्या पडद्याला खोलीतला दिवा बंद करून कडांमधून उजेड गळतो का ते बघा. मग दोन्ही पडद्यांवर दोन वेगळे व्हिडिओ अर्धा तास चालू ठेवा आणि कॉम्प्युटर एकदा झोपवून उठवा. बरेच दोष उठवल्यावरच कळतात, कारण एक मॉनिटर जागा होतो आणि दुसरा होत नाही. खोकी आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत फेकू नका.